'टाकणे' आणि 'पडणे' : थंडीतील गिअरबदलाचे विवेचन

१

मोटार चालविणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी गिअरसंबंधी दोन क्रियापदे नेहमी असतात. तो गिअर 'टाकतो' आणि गिअर 'पडतो'. एरवी या दोहोंतील भेदाकडे कोणाचे लक्ष जात नाही. दांडा ढकलला की लगोलग गिअर पडलेला असतो; आणि जे एका क्षणात उरकते त्याला दोन नावे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हवा पुरेशी थंड असली म्हणजे या दोन क्रियांमध्ये अंतर पडते. चालक गिअर टाकतो आणि तो पडत नाही. हे अंतर का पडते, त्या अवधीत गिअरच्या पेटीत काय चाललेले असते आणि चालकाने अशा वेळी कसे वागावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

भाषेच्या अभ्यासकाने यंत्राच्या प्रांतात शिरावे हे काहींना विचित्र वाटेल. त्याचा खुलासा एका अनुभवाने करतो. २०१९ च्या जानेवारीत प्रस्तुत लेखक लेह येथे होता. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत सहज उतरते. भाड्याने घेतलेली गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. सकाळी इंजिन चालू झाले, पहिला गिअरही पडला. पण दुसऱ्याकडे नेताना दांडा डांबरात रोवल्यासारखा जड झाला. लेखकाने जोर लावला, तेव्हा पेटीतून करकर असा आवाज आला आणि दांडा मागे आला. शेजारी सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त लष्करी चालक बसले होते. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी लडाखमध्ये ट्रक चालविले होते. ते शांतपणे म्हणाले, "सर, टाकायचं काम आपलं. पडायचं काम त्याचं. जरा दम धरा, पडंल."

या तीन लहान वाक्यांत यंत्राचे आणि व्याकरणाचे असे दोन्ही मर्म आले आहे. ते उलगडण्यासाठी प्रथम यंत्राकडे वळू.

२

गिअर बदलताना दातेरी चाके एकमेकांत शिरतात, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ती बरोबर नाही. पुढे जाण्याच्या सर्व गिअरची चाके एकमेकांत कायमची गुंतलेली असतात आणि ती सतत फिरत असतात. मात्र प्रत्येक जोडीतील एक चाक आपल्या शाफ्टवर मोकळे बसविलेले असते. ते शाफ्टभोवती फिरते, पण शाफ्टला फिरवीत नाही. गिअर पडणे म्हणजे या मोकळ्या चाकांपैकी एक चाक शाफ्टशी जखडले जाणे. जखडण्याचे काम एक सरकते कडे करते. त्याला यंत्रशाळेत स्लीव्ह म्हणतात. चालकाच्या हातातील दांडा अखेर या स्लीव्हलाच पुढेमागे सरकवीत असतो.

यावरून असे दिसेल की गिअर बदलताना दोन पक्ष असतात. एका पक्षी चाकांशी बांधलेला शाफ्ट असतो. गाडी ज्या वेगाने चालली असेल त्याच प्रमाणात तो फिरतो आणि त्याचा वेग त्या क्षणी कोणाच्या इच्छेने बदलत नाही. दुसऱ्या पक्षी क्लचची तबकडी आणि तिच्याशी जोडलेली सारी चक्रे असतात. क्लच दाबताच ती इंजिनापासून सुटतात, परंतु थांबत मात्र नाहीत. अंगच्या गतीने फिरत राहतात. या दुसऱ्या पक्षाचा वेग पहिल्या पक्षाशी जुळला तरच स्लीव्हचे दाते चाकाच्या दात्यांत सुखाने शिरू शकतात.

किती वेग जुळवावा लागतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि दुसऱ्याचे २ आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २१०० फेरे घेत असताना क्लच दाबला, तर गाडीचा वेग तोच राहिला असता दुसऱ्या गिअरसाठी क्लचकडील शाफ्टचा वेग १२०० फेरे असावयास हवा. म्हणजे क्षणार्धात ९०० फेऱ्यांची घट घडवून आणली पाहिजे. हाच बदल ३५०० फेऱ्यांवर केला तर ही घट १५०० फेऱ्यांची होते. वेग जुळविताना घर्षणात खर्ची पडणारी ऊर्जा या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; म्हणून दुसऱ्या प्रसंगी यंत्रावर पडणारा भार पहिल्याच्या सुमारे पावणेतीनपट असतो.

प्रारंभीच्या काळी हे वेग जुळविण्याची जबाबदारी सर्वस्वी चालकावर असे. एमिल लेव्हासोर या फ्रेंच अभियंत्याने १८९० च्या दशकात रूढ केलेल्या रचनेत दातेरी चाकेच सरकवून एकमेकांत घालावी लागत. चालकाला कानाने वेग ओळखावा लागे; तो चुकला तर दात्यांवर दाते घासत. यातून 'डबल क्लच' ही रीत निघाली. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावयाचा, तेथे क्लच सोडून आतील शाफ्टचा वेग इंजिनाकरवी हवा तसा कमी-अधिक करावयाचा, आणि मग पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकावयाचा, अशी ही तिहेरी क्रिया आहे. चालकाच्या कानावर आणि पायावर असलेला हा भार अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याने हलका केला. त्याने योजलेली वेग जुळविणारी यंत्रणा १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत प्रथम बाजारात आली. तिलाच आपण आज सिंक्रोनायझर किंवा गॅरेजच्या भाषेत नुसते 'सिंक्रो' म्हणतो.

३

सिंक्रोनायझरचे काम तीन टप्प्यांत होते आणि हे तिन्ही टप्पे लक्षात घेतल्याशिवाय थंडीचा परिणाम समजणार नाही.

स्लीव्ह आणि चाक यांच्यामध्ये बहुधा पितळेचे एक कडे असते. त्याची आतील बाजू शंकूसारखी निमुळती असते आणि चाकालाही तशीच निमुळती मान असते. पहिल्या टप्प्यात स्लीव्ह या कड्याला चाकाच्या मानेवर दाबते. दोन्ही शंकू घासू लागतात. कड्याच्या आतील बाजूस बारीक आटे किंवा खाचा पाडलेल्या असतात. शंकूंमधील तेल कापून बाजूला सारणे हे त्यांचे काम होय, कारण तेल मध्ये असेतो घर्षण उत्पन्न होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात घर्षणामुळे कडे किंचित फिरते आणि त्याचे दाते स्लीव्हच्या वाटेत आडवे येतात. हा अडथळा मुद्दाम योजलेला आहे. दोन पक्षांच्या वेगांत फरक असेपर्यंत कडे स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. चालकाने कितीही घाई केली तरी दार बंदच राहते. दरम्यान घर्षणाने वेगांतील फरक कमी होत जातो.

तिसऱ्या टप्प्यात वेग समान होतात. ज्या घर्षणबलाने कड्याला आडवे धरले होते ते आता उरत नाही. स्लीव्हचे तिरपे दाते कड्याला सहज बाजूला सारतात, पुढे जातात आणि चाकाच्या दात्यांत शिरतात. चालकाच्या तळहाताला एक हलकासा धक्का जाणवतो. गिअर पडला.

चालकाचे बळ पहिल्या टप्प्यात उपयोगी पडते. तिसरा टप्पा मात्र वेग जुळल्यावर आपोआप घडतो. चालकाने द्यावयाचा असतो तो दाब आणि अवधी. उबदार यंत्रात हा अवधी इतका अल्प असतो की तो दिला हेही त्याला कळत नाही.

४

आता थंडीचा विचार करू. गिअरपेटीतील लोखंड-पितळ शून्याखाली वीस अंशांनी फारसे बदलत नाही. बदलते ते तेल.

गिअरच्या तेलाच्या डब्यावर '८०डब्ल्यू-९०' किंवा '७५डब्ल्यू-९०' असे आकडे छापलेले असतात. दुसरा आकडा तेल तापलेले असतानाचा दाटपणा सांगतो. ९० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असावा लागतो. डब्ल्यू हे अक्षर जोडलेला पहिला आकडा थंडीतील वर्तनाचा आहे. तेलाचा दाटपणा १,५०,००० सेंटिपॉइज या मर्यादेच्या आत कोणत्या तापमानापर्यंत राहतो, यावरून तो ठरतो. ८५डब्ल्यू तेलासाठी ही कसोटी उणे १२ अंशांना, ८०डब्ल्यूसाठी उणे २६ अंशांना आणि ७५डब्ल्यूसाठी उणे ४० अंशांना घेतली जाते. २० अंशांच्या पाण्याचा दाटपणा सुमारे १ सेंटिपॉइज असतो, हे लक्षात घेतले म्हणजे दीड लाखाचा अर्थ ध्यानात येईल. त्या अवस्थेतील तेल ओतण्याजोगे राहत नाही. ते मधाहूनही कितीतरी पट दाट असते.

तापमान आणि दाटपणा यांचा संबंध सरळ रेषेचा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. नेहमीच्या ८०डब्ल्यू-९० तेलाचा दाटपणा ४० अंशांना सुमारे १४० सेंटिस्टोक असतो. म्हणजे १०० अंशांवरून ४० अंशांपर्यंत, साठ अंश उतरताना, तो आठ-दहा पटींनी वाढतो. परंतु तेथून आणखी तितकेच अंश खाली, उणे २६ पर्यंत, उतरताना ही वाढ हजारपटीच्या घरात जाऊ शकते. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा गिअर 'थोडा जड' वाटतो आणि लेहला तोच दांडा रोवल्यासारखा होतो. यातील तफावत केवळ वीस अंशांची दिसत असली तरी तेलाच्या दृष्टीने ती फार मोठी आहे.

दाट झालेले तेल तीन ठिकाणी आडवे येते. पहिले ठिकाण म्हणजे फिरणारी चक्रे. ती तेलात बुडून फिरतात आणि दाट तेल त्यांना मागे ओढते. क्लच दाबल्यावर जी चक्रे एरवी बराच वेळ फिरत राहिली असती ती थंडीत चटकन मंदावतात. दुसरे ठिकाण म्हणजे शंकूंमधील फट. तेलाचा थर लवकर कापला जात नाही, आटे त्यात बुडून जातात आणि घर्षण उशिरा सुरू होते. तिसरे ठिकाण म्हणजे दांड्यापासून स्लीव्हपर्यंतचे सरकते भाग. त्यांवरील वंगण आणि तेल घट्ट झाल्याने हाताला जी जडता जाणवते तिचा काही भाग या सरकण्यातच खर्ची पडतो आणि कड्यापर्यंत त्या मानाने कमी दाब पोहोचतो. क्लच द्रवाच्या दाबावर चालणारा असेल तर तो द्रवही थंडीत दाट होतो आणि पाय सोडल्यावर पेडल नेहमीपेक्षा सावकाश वर येते.

५

येथे एक शंका येणे योग्य आहे. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना शाफ्टचा वेग कमी करावयाचा असतो, आणि दाट तेल तर तो कमीच करते. मग तेलाने अडचण न होता मदतच व्हावयास हवी.

ही शंका अर्धी खरी आहे. चढत्या गिअरमध्ये दाट तेल प्रथम मदत करते. परंतु ते योग्य वेगापाशी थांबत नाही. आपल्या उदाहरणातील शाफ्ट २१०० वरून १२०० पर्यंत उतरावयास हवा. गार तेलात तो तेथे न रेंगाळता १०००, ८०० असा खाली घसरत जातो. शंकूंनी त्याला वेळीच पकडून धरावे, तर तेलाच्या थरामुळे त्यांची पकड अजून बसलेली नसते. चालकाचा हात थोडा रेंगाळला की उतरणे हे काम संपून चढणे हे काम सुरू होते : मंदावलेल्या शाफ्टला आता पुन्हा १२०० पर्यंत वर आणावयाचे, आणि तेही मागे ओढणाऱ्या तेलाच्या विरुद्ध. शिवाय वेग जुळत आला तरी तेलाची ओढ शंकूंवर बल टाकीतच राहते. त्यामुळे जे कडे आता सहज बाजूला व्हावयास हवे ते आडवेच राहते. दांडा रोवल्यासारखा वाटतो तो येथे.

उतरत्या गिअरमध्ये तर प्रारंभापासूनच शाफ्टचा वेग वाढवावयाचा असतो. दुसऱ्यावरून पहिल्यात येताना आपल्या उदाहरणात १२०० वरून २१०० पर्यंत जावयाचे आहे. येथे तेल कोणत्याही क्षणी मित्र नसते. यास्तव थंडीत गिअर उतरविणे हे चढविण्याहून कठीण असते आणि चालत्या गाडीत पहिला गिअर टाकणे सर्वांत कठीण.

करकर हा आवाज मात्र निराळ्या कारणाने येतो. कड्याला आडवे आणण्याचे काम घर्षणाचे आहे. तेलाच्या थरामुळे घर्षण पुरेसे उत्पन्नच झाले नाही आणि चालकाने जोराने दांडा रेटला, तर कडे आडवे येण्यापूर्वीच स्लीव्ह पुढे जाते आणि असमान वेगाचे दाते दात्यांवर आपटतात. म्हणजे एकाच तेलातून दोन विरुद्ध लक्षणे उद्भवतात : दार उघडत नाही म्हणून जडता, आणि दार लागण्याआधीच घुसल्याने करकर. लेहच्या त्या सकाळी लेखकाने दोन्ही अनुभवली. आणि दुसरे लक्षण त्याने स्वतःच्या जोराने ओढवून घेतले होते.

६

यावरून चालकाने काय करावे हे बरेचसे आपोआप निष्पन्न होते.

इंजिन सुरू करताना क्लच दाबलेला असावा. असे केल्याने सुरुवातीच्या मोटरला इंजिनाबरोबर गिअरपेटीतील दाट तेलही ढवळावे लागत नाही. इंजिन स्थिर झाल्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून आणि ब्रेक दाबून ठेवून, क्लच हलकेच सोडावा. इंजिनाचा आवाज क्षणभर खोल जाईल. तो आवाज म्हणजे तेलाची ओढ होय. ती किती आहे याचा अंदाज कानाला तेथेच येतो. एक-दोन मिनिटे असे राहू दिले तर चक्रे तेल ढवळू लागतात.

परंतु उभ्या गाडीत पेटी फारशी तापत नाही. इंजिनाची उष्णता वाहून नेणारे पाणी गिअरपेटीत बहुधा नसते. तिचे तेल मुख्यतः स्वतःच्या घुसळणीने आणि दात्यांच्या घर्षणाने तापते. तापमान दाखविणारा समोरचा काटा इंजिनाचा असतो, गिअरपेटीचा नव्हे. काटा मध्यावर आला म्हणून गिअर मोकळा झाला असे समजणे ही नेहमीची चूक आहे. पहिले काही किलोमीटर सौम्य चालविणे हाच पेटी तापविण्याचा मार्ग.

या पहिल्या किलोमीटरांत गिअर कमी फेऱ्यांवर बदलावा. त्याचा हिशेब वर आलाच आहे. दांड्यावर धक्का देऊ नये, एकसारखा मध्यम दाब ठेवावा. दाबाने शंकूंमधील तेल पिळून निघते, धक्क्याने निघत नाही. तरीही गिअर पडत नसेल तर हात सोडून दांडा न्यूट्रलमध्ये आणावा, क्लच सोडावा, शाफ्टला पुन्हा गती मिळू द्यावी आणि मग क्लच दाबून नव्याने गिअर टाकावा. म्हणजे डबल क्लचच. गिअर उतरविताना मधल्या अवकाशात ॲक्सिलरेटर किंचित दाबावा. जे काम सिंक्रोनायझरच्या लहानशा कड्याला तेलाविरुद्ध करावे लागले असते ते अशा वेळी इंजिन करते. आमच्या सातारच्या सोबत्यांनी ही रीत सिंक्रो नसलेल्या जुन्या ट्रकांवर शिकली होती. गाडीत सिंक्रो असूनही थंडीत ते ती सोडीत नसत.

उभ्या गाडीत पहिला गिअर पडत नसेल तर आधी दुसरा टाकून मग पहिला टाकण्याची युक्ती पुष्कळ चालकांना ठाऊक असते. दुसऱ्याचा सिंक्रोनायझर फिरता शाफ्ट थांबवितो किंवा दाते थोडे हलवितो, आणि आमनेसामने आलेले दाते एकमेकांसमोरून सरकतात. चालत्या गाडीत मात्र पहिल्याचा हट्ट धरू नये. दुसऱ्यावर काम भागत असेल तर भागवावे.

तेलाची निवड हा शेवटचा मुद्दा. उत्पादकाने पुस्तिकेत सांगितलेला वर्गच वापरावा. उणे पंधरा अंशांच्या प्रदेशात ८५डब्ल्यू तेल त्याच्या मर्यादेच्या पलीकडे गेलेले असते, ८०डब्ल्यू मर्यादेत असले तरी फार दाट असते, आणि ७५डब्ल्यूला पुष्कळ अवकाश राहतो. मात्र पातळ म्हणून कोणतेही तेल घालणे धोक्याचे. जी.एल.-५ दर्जाच्या काही तेलांतील द्रव्ये पितळी कड्यांना मानवत नाहीत, आणि फार निसरडे तेल शंकूंचे घर्षण हिरावून घेते.

जडता थंडीची की बिघाडाची, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. पंधरा-वीस मिनिटे चालविल्यावर जी जडता जाते ती तेलाची. जी गाडी तापल्यावरही राहते, किंवा एकाच गिअरला दिसते आणि इतरांना दिसत नाही, तिच्यासाठी कारागिराकडे जावे. आणि जी जोर लावून 'घालविली' जाते ती हळूहळू दुसऱ्या प्रकारात मोडू लागते. कड्याचे आटे झिजतात, दात्यांची टोके बोथट होतात, आणि मग उन्हाळ्यातही करकर ऐकू येते.

७

आता व्याकरणाकडे. मराठीत सकर्मक-अकर्मक जोड्या पुष्कळदा एकाच धातूपासून बनतात : तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, मरणे-मारणे. अशा जोडीतील सकर्मक रूप वापरले की परिणाम त्यात गृहीत धरला जातो. 'दोरी तोडली, पण ती तुटली नाही' हे वाक्य कानाला खटकते. 'पडणे' याचेही 'पाडणे' असे रूप भाषेत आहे. आपण भिंत पाडतो, आंबे पाडतो. परंतु 'मी दुसरा गिअर पाडला' असे बोलताना प्रस्तुत लेखकाने कोणाला ऐकलेले नाही. गिअरच्या बाबतीत भाषेने कर्त्याची क्रिया एका धातूला दिली आणि यंत्राची घटना दुसऱ्या. म्हणूनच 'दुसरा टाकला, पण पडला नाही' हे वाक्य मुळीच खटकत नाही. हात आपले काम करून मोकळा झाला, घटना अजून व्हावयाची आहे, एवढेच ते सांगते.

घरातील विरजणाची गोष्ट अशीच आहे. 'विरजण लावले, पण दही लागले नाही' हेही वाक्य बिनचूक आहे. येथे धातू एकच असला तरी लावणारी गृहिणी आणि लागणारे दही यांच्यामध्ये एक रात्र असते, थंडीत ती लांबते, आणि मध्येच भांडे हलविले तर दही मोडते. ज्या व्यवहारात अवधी दुसऱ्याच्या हाती असतो तेथे मराठी बोलणारा कर्त्याचे आणि वस्तूचे काम वेगळे ठेवतो.

नकारातही हा विवेक दिसतो. नवशिका म्हणतो, 'मला गिअर टाकवत नाही.' हे शक्यार्थी रूप आहे. उणीव कर्त्यात आहे असे ते सुचविते, आणि त्यावरचा उपाय म्हणून अधिक जोर हाच सुचतो. जाणता म्हणतो, 'अजून पडत नाही.' येथे कर्ता वाक्यातून बाजूला झाला आहे आणि 'अजून' या अव्ययाने अवधीला जागा दिली आहे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने दुसरे वाक्य अधिक अचूक आहे, कारण वेग जुळण्यापूर्वी कडे आडवे असते आणि जुळल्यावर ते आपोआप बाजूला होते.

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांपाशी थांबते. सिंक्रोनायझरला काय म्हणावे, क्लचला काय म्हणावे, यावर आपण वाद घालतो. गॅरेजमधील माणसाने नामे परभाषेतून जशीच्या तशी उचलली. यंत्राचे वर्तन मात्र त्याने टाकणे, पडणे, बसणे, सुटणे, अडकणे या घरच्या क्रियापदांत मांडले. त्याच्या ज्ञानाचा शोध कोशात घेण्याऐवजी या क्रियापदांच्या प्रयोगांत घेतला पाहिजे. आणि हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. स्वयंचलित गिअरच्या गाड्या वाढत आहेत; विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत बदलण्यासारखे गिअरच नसतात. ज्या पिढीने हाताने गिअर टाकला नाही तिला तो पडतो म्हणजे काय, हे केवळ वाचून समजावे लागेल.

तेव्हा आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. पुढच्या हिवाळ्यात नाशिक-निफाडकडील किंवा आपापल्या गावच्या गॅरेजात पहाटे जाऊन बसावे, आणि गिअर जड झाल्याची तक्रार चालक कोणत्या शब्दांत करतो व कारागीर तिला कोणत्या शब्दांत उत्तर देतो, हे जसेच्या तसे टिपून घ्यावे. कर्ता कोण, क्रियापद कोणते, 'अजून' कोठे येते आणि कोठे येत नाही, एवढे टिपले तरी पुरे. लेहच्या त्या सकाळी लेखकाने शेवटी हात सैल केला, न्यूट्रलमध्ये क्लच सोडला, पुन्हा दाबला आणि दांड्यावर नुसता तळवा ठेवला. थोडा वेळ काही झाले नाही. मग दुसरा गिअर पडला.